दिवसाची वीज स्वस्त, पण आपल्या घरात किती? सोलापूरकरांसाठी हिशेबाची रीत

नवा टीओडी मीटर, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या विजेवर सवलत देणारा मीटर, बसला की घराघरांत दोन तट पडतात. एका बाजूला ‘आता बिल दुप्पट येणार’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला चटणीचं भांडं मिक्सरवर चढवून नऊ वाजायची वाट बघणारे. कागद-पेन घेऊन हिशेब मांडला, तर दोघांचंही बरोबर नाही. दिवसा वीज वापरली की पैसे वाचतात हे खरं. पण किती, आणि त्यासाठी घरात किती उलथापालथ करायची, हे ज्याच्या-त्याच्या मीटरवर ठरतं. तो आकडा घरच्या घरी कसा काढायचा, ते खाली दिलं आहे. गणित सातवीच्या पुढचं नाही.

‘एकच दर’ म्हणजे नक्की काय

जुन्या मीटरवर वेळ कोणतीही असो, दर एकच, असं आपण म्हणतो. पण महावितरणच्या घरगुती बिलातला हा एकच दर खरं तर एक नसतोच. महिन्याची पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरीच महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या वर सगळ्यांत महाग. ३०० चा आकडा ओलांडला की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं पुष्कळ लोक शपथेवर सांगतात. तसं नाही. जादा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालची खालच्याच दराने राहतात. ‘एकच’ एवढ्याच अर्थाने, की युनिट पहाटे तीनला जळलं की दुपारी तीनला, याची जुन्या मीटरला खबरच नसते.

टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, वेळेप्रमाणे दर. हा मीटर वेळही नोंदवतो. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत न्यायचं ठरलं. घरगुती ग्राहकाच्या रात्रीच्या युनिटांवर मात्र जादा आकार लावलेला नाही. म्हणजे स्लॅब, वर सांगितलेले युनिटांचे टप्पे, होते तसेच राहिले, त्यातून दिवसाच्या युनिटांपुरती थोडी वजावट मिळते. आकडे वर्षागणिक बदलतात, म्हणून हिशेबाला बसताना आपल्या ताज्या बिलावर छापलेलेच घ्यावेत, शेजाऱ्याने सांगितलेले नकोत.

‘रात्रीची वीज स्वस्त’ ही समजूत कुठून आली, तेही बघू. ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आहे. त्यात रात्रीचे सात तास स्वस्त आणि दिवस महाग. कोळशाची आणि अणुशक्तीची केंद्रं रात्री बंद ठेवता येत नाहीत, मागणी तर पडलेली असते, म्हणून ती वीज स्वस्तात देऊन टाकायची. आपल्याकडेही कारखान्यांना वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळात युनिटमागे दीड रुपया सवलत होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी चालवणाऱ्यांना ती तोंडपाठ असेल. आता चित्र उलटं झालंय. सौर वीज भर दुपारी भरपूर होते आणि सूर्य कलल्यावर लोकांचे दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू होतात. तेव्हा होटगीजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॅटच्या प्रकल्पासारखी औष्णिक केंद्रं जोर लावतात. म्हणून सवलत दुपारी. सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्याला हे वेगळं पटवायला नको.

पहिलं काम: बिलाची पानं उलटा

बिलावर चार गोष्टी शोधा. एक, दर श्रेणी घरगुती आहे का. दोन, सिंगल फेज की थ्री फेज, कारण स्थिर आकार त्यावर ठरतो आणि तो वेळेप्रमाणे बदलत नाही. तीन, मीटर टीओडी आहे का. जुना मीटर असेल तर सवलत नाही, मग दिवसा कितीही वापरा. चार, मागच्या बारा महिन्यांचा वापर.

हे चौथं सर्वांत महत्त्वाचं. सोलापुरात डिसेंबरचं बिल आणि एप्रिल-मेचं बिल ही दोन वेगळ्या घरांची बिलं वाटतात. थंडीत ११० युनिटांवर असणारं घर उन्हाळ्यात सहज तीनशेच्या घरात जातं. एका महिन्याचा हिशेब करून वर्षाचं ठरवू नका. एक उन्हाळी आणि एक थंडीचा महिना असे दोन धरा.

वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असं बिल बनतं. तुलनेपुरते वीज आकार आणि वहन आकार युनिटमागे एकत्र धरले तरी पुरतं.

घरात छोटा धंदा असेल, म्हणजे शेंगा चटणी, कडक भाकरी किंवा शिवणकाम, तर आणखी एक ओळ तपासा. महिन्याला ३०० युनिटांच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षात मिळून ३६०० युनिटांच्या आत वापर असेल, तर घराच्या एका भागातल्या धंद्यालाही घरगुती दरच लागू होतो. टीओडीच्या पाच-पन्नास रुपयांपेक्षा ही मर्यादा सांभाळणं कितीतरी मोलाचं आहे.

दुसरं काम: नऊला आणि पाचला मीटर वाचा

महावितरणच्या ॲपवर किंवा बिलावर वेळेनुसार वापर दिसत असेल तर उत्तम. तरी एकदा हाताने वाचाच, म्हणजे आकड्यांवर विश्वास बसतो. मीटरवरचं बटण दाबलं की पडद्यावर एकेक आकडा सरकत जातो. त्यात तारीख आणि वेळ येते. ती मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. या मीटरचं सगळं गणित त्या घड्याळावर आहे, ते मागे-पुढे असेल तर तुमची नऊची मोटर मीटरच्या लेखी साडेआठची ठरू शकते.

मग केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा, एकूण आकडा सकाळी नऊला, संध्याकाळी पाचला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊला लिहा. एखादा आठवडा पुरे, पण त्यात रविवार आला पाहिजे आणि पाणी येण्याचा दिवसही. नमुन्यादाखल हे बघा:

सकाळी ९ वाजता ४५१२.३
संध्याकाळी ५ वाजता ४५१५.५
दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता ४५२१.६

म्हणजे दिवसाची ३.२ युनिटं आणि उरलेल्या सोळा तासांची ६.१. एकूण ९.३, महिन्याला साधारण २८०. त्यातली ९६ दिवसाची, अंदाजे ३४ टक्के. नवरा-बायको दोघं नोकरीवर आणि मुलं शाळेत असलेल्या घरात हा वाटा आणखी कमी निघेल. निवृत्त माणसं दिवसभर घरी असतील तर ४५ टक्क्यांच्या आसपासही जाईल.

तिसरं काम: वाचणाऱ्या पैशांचं छत आधी काढा

बहुतेक जण इथेच चुकतात. कपडे कधी धुवायचे यावर आठवडाभर खल होतो, आणि जास्तीत जास्त किती वाचू शकतं हे कुणी विचारतच नाही.

वरच्या घरात दिवसाची ९६ युनिटं आहेत. सवलत ८० पैसे धरली तर ७७ रुपये झाले. हे काहीही न करता मिळतात. आता समजा चमत्कार झाला आणि सगळीच्या सगळी २८० युनिटं दिवसात सरकली, तरी सवलत होईल २२४ रुपये. म्हणजे सगळी धडपड ७७ आणि २२४ यांच्या मधल्या १४७ रुपयांसाठी आहे, आणि त्यातलाही मोठा भाग रात्रीचे पंखे, कूलर, दिवे आणि फ्रीजमध्ये अडकलेला आहे. तो हलत नाही.

मग हलतं काय? घरातली यंत्रं एकेक करून बघू.

वॉशिंग मशीन सहज हलतं. पण गरम पाण्याचा पर्याय बंद असेल तर एका धुण्याला पाव युनिटाच्या आसपासच लागतं. महिनाभर रोज धुतलं तरी सात-आठ युनिटं, म्हणजे सवलत सहा रुपये. इस्त्री हजार वॉटची, अर्ध्या तासाला अर्धं युनिट. मिक्सर जोरात ओरडतो, पण चालतो मोजकी मिनिटं, त्याच्यासाठी कुणी घड्याळ बघू नये.

गीझर दोन हजार वॉटचा, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. पंधरा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतं. आंघोळी मात्र सहा ते आठच्या दरम्यान उरकतात. काही जण आदल्या दिवशी पावणेपाचला गीझर लावून पाणी ठेवतात. तसं करू नका. रात्रभरात ते पाणी निवतं, सकाळी पुन्हा बटण दाबावं लागतं आणि सवलत गेलीच, वर जादा युनिट जळतं. घरातल्या ज्यांना घाई नाही त्यांनी नऊनंतर आंघोळ केली, तर तेवढं हललं.

पाण्याच्या मोटरची गोष्ट सोलापुरात वेगळी. नळाला पाणी रोज येत नाही, मधे काही दिवस जातात, आणि येतं तेव्हा वेळ आपल्याला विचारून ठरत नाही. रात्री अकराला आलं तर अकराला उठायचं. पण ज्या घरात किंवा सोसायटीत जमिनीखालची टाकी आहे, तिथे हिशेब दोन भागांत करा. खालच्या टाकीत पाणी कधी पडेल ते महापालिकेच्या हातात, वरच्या टाकीत कधी चढवायचं ते आपल्या. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटांच्या आसपास घेतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला २४० युनिटं, म्हणजे सवलत जवळपास १९० रुपये. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी वॉचमनला एवढंच सांगावं, की पंप पहाटे नको, दहानंतर लाव. निवासी इमारतीतल्या लिफ्ट-पंपाच्या सामाईक मीटरला घरगुती दरच असतो. तिथेही टीओडी मीटर बसला असेल, तर इतकं बिनकष्टाचं काम दुसरं सापडणार नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर तीही हलते. बॅटरी पूर्ण भरायला सुमारे साडेतीन युनिटं लागतात. गाडी दुपारी घरीच असेल तर दुपारीच लावा. कामावर नेत असाल तर रविवारपुरतंच.

एकटं घर सोडून, टायमर लावून गीझर किंवा इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तू चालू ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका. दोन-चार रुपयांसाठी तो धोका परवडत नाही.

अशी बेरीज केली तर साध्या घरात हलवता येण्यासारखी वीसेक युनिटं निघतात. वीस गुणिले ८० पैसे, १६ रुपये. एका वेळच्या चहाचे पैसे म्हणा.

चौथं काम: तीच मेहनत स्लॅबवर लावून बघा

सोपं जावं म्हणून युनिटमागे पहिल्या १०० ला ६ रुपये, पुढच्या २०० ला ११ रुपये आणि त्यापुढे १५ रुपये धरतो. हे आकडे हिशेबापुरते, त्या जागी तुमच्या बिलावरचे घाला. २८० युनिटांच्या घराचे १०० गुणिले ६ म्हणजे ६०० आणि १८० गुणिले ११ म्हणजे १९८०. एकूण २५८०.

या घरात जुने ७५ वॉटचे चार पंखे दिवसाला बारा तास फिरतात. त्या जागी ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर पंख्यामागे ४५ वॉट वाचतात. चार पंखे, बारा तास, तीस दिवस मिळून साधारण ६५ युनिटं. ही ६५ युनिटं कुठून कमी होतात? वरून, म्हणजे ११ रुपयांच्या टप्प्यातून. महिन्याला ७१५ रुपये. वेळ बदलून १६ आणि पंखे बदलून ७१५, हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहा. चार पंख्यांना अकरा-बारा हजार जातात. सोलापुरात पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, त्यामुळे दोनेक वर्षांत पैसे फिटतात.

आता उलट बाजू. ‘दुपारी वीज स्वस्त आहे’ म्हणून एप्रिलमध्ये दीड टनाचा एसी रोज दोन तास जादा लावला. तासाला १.३ युनिट धरलं तर महिन्याला ७८ युनिटं वाढली. २८० चे ३५८ झाले. त्यातली २० युनिटं ११ रुपयांनी, ५८ युनिटं १५ रुपयांनी, म्हणजे १०९० रुपये. सवलत मिळाली ६२ रुपये. स्वस्त म्हणून घेतलेल्या विजेचे हजारावर रुपये गेले. सवलतीच्या साडीसारखं हे आहे, न घेतली असती तर सगळेच वाचले असते. उकाडा असह्य असेल तर एसी जरूर लावा, घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. पण तो उकाड्यासाठी लावा, ८० पैशांसाठी नको.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एक जोडून सांगतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून रात्री दहालाही पंखा गरम वारा मारतो. जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरांत हा त्रास कमी असायचा, जाड मातीचा थर होता. मार्च लागताच गच्चीला चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग दिला, तर रात्रीचा कूलर आणि एसी कमी चालतो. ही रात्रीची युनिटं हलवता येत नाहीत, पण घटवता येतात.

उद्या रात्रीचा दर वाढला तर?

केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. सौर तासांत दर किमान २० टक्के कमी, आणि जास्त मागणीच्या वेळी व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, इतरांना किमान १.१ पट. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने घरगुतीला तूर्त फक्त सवलतीची बाजू दिली. पण खरा दोन-दरी प्रकार कधी समोर आला, किंवा दुकानाच्या मीटरचा हिशेब करायचा झाला, तर एक सूत्र जवळ असू द्या.

महाग वेळेच्या दरातून एकच दर वजा करा. महाग वेळेच्या दरातून स्वस्त वेळेचा दर वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. जो अपूर्णांक येईल, किमान तेवढा वाटा स्वस्त वेळेत गेला पाहिजे, तरच दोन दर परवडतात.

उदाहरणार्थ एकच दर ८ रुपये. दुसऱ्या योजनेत दिवसा ७ आणि इतर वेळी ९.५०. वरची वजाबाकी १.५०, खालची २.५०, भागाकार ०.६. म्हणजे ६० टक्के वापर दिवसा हवा. आपल्या नमुन्यातल्या घराचा वाटा ३४ टक्के, त्याला सरासरी दर पडेल ८.६५. त्याने एकाच दरावर राहावं. दिवसभर शटर उघडं आणि आठला बंद होणाऱ्या दुकानाला मात्र तीच योजना लाभू शकते. ब्रिटनच्या रात्रीच्या दरालाही हेच सूत्र चालतं, फक्त स्वस्त वेळ रात्रीची धरायची.

काही अडलेली घरं

भाड्याने राहता आणि घरमालक सबमीटर बघून ठरलेल्या दराने, युनिटमागे दहा-बारा रुपये, घेतो? मग तुम्ही दिवसा वापरा की रात्री, सवलत मुख्य मीटरवर, म्हणजे मालकाला मिळते. मूळ बिल दाखवायला सांगून दर ठरवून घेणं हाच मार्ग. कॉलेजसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांनी हे विचारायला लाजू नये.

गच्चीवर सौर पॅनेल असेल तर दिवसाची बरीचशी वीज तुमची स्वतःचीच असते, सवलतीचा प्रश्न उरलेल्या युनिटांपुरता. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिटं देतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, आणि तीन किंवा अधिकला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटं जात असतील, तर घड्याळ बघत कपडे धुण्यापेक्षा या हिशेबाला एक संध्याकाळ द्या.

शेवटचं काम: पुढचं बिल ताडून बघा

पुढच्या बिलावर टीओडी सवलतीची रक्कम वेगळी दिसते का, ते पाहा. तिला ताज्या सवलतीच्या दराने भागा, दिवसाची युनिटं निघतील. ती तुमच्या नऊ-पाचच्या नोंदीच्या आसपास असावीत. दहा-पंधरा टक्के फरक चालेल, कारण तुमचं निरीक्षण आठवड्याचं आणि बिल महिन्याचं. फरक दुपटीचा असेल किंवा टीओडी मीटर असूनही सवलतीची ओळच नसेल, तर मीटरच्या पडद्याचा वेळेसकट फोटो काढा, बिल आणि नोंदींचा कागद जोडा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, असा क्रम आहे. दोन्हीकडे अर्ज लेखी लागतो आणि तिथे तोंडी सांगण्यापेक्षा तारीखवार लिहिलेला नऊ-पाचचा कागद जास्त चालतो.